पाकिटाची मागची बाजू

घरोघरी औषधांचा एक डबा असतो. बहुधा मिठाईचा रिकामा झालेला, नाहीतर श्रीखंडाचा. त्यातलं कुठलंही एक पाकीट उचला आणि उलटं करा. चंदेरी कागदावर बारीक इंग्रजी अक्षरांत बराच मजकूर छापलेला असतो. तो वाचणं हे मेडिकलवाल्याचं काम, आपलं नाही, असं आपण धरून चालतो. गोळी ओळखायची ती रंगावरून, आकारावरून, फार तर ब्रँडच्या पहिल्या दोन अक्षरांवरून. मेडिकलच्या काउंटरपाशी पाच मिनिटं उभं राहिलं तरी ऐकू येतं, "काका, आईची ती बीपीची गोळी द्या, पांढरी, छोटी." काकाही मुरलेले असतात. "पाचची की दहाची?" असं विचारून घेतात आणि बहुतेक वेळा बरोबर गोळी हातात पडते. या प्रकरणाचा विषय उरलेल्या वेळांचा आहे.

औषधानं अपाय झाला म्हटलं की नकली औषध किंवा निष्काळजी डॉक्टर डोळ्यांपुढे येतो. तसं घडतंही. पण रोजच्या व्यवहारातले पुष्कळसे अपाय याहून साधे असतात. गोळी अस्सल असते, डॉक्टर जाणकार असतात, रुग्णही वेळ चुकवत नाही. घोळ होतो तो मधल्या जागेत. हाडांच्या डॉक्टरांनी काय दिलंय ते हृदयाच्या डॉक्टरांना ठाऊक नसतं, हॉस्पिटलनं सुटीच्या कागदावर काय बदललंय ते फॅमिली डॉक्टरांपर्यंत पोचत नाही, आणि मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेली गोळी तर कुठल्याच कागदावर नसते. या सगळ्या गोळ्या एकत्र येतात त्या फक्त रुग्णाच्या पोटात. म्हणून संपूर्ण यादी ठाऊक असू शकेल असा माणूस एकच, तो रुग्ण किंवा त्याची काळजी घेणारं घरातलं कुणीतरी.

तर पाकीट वाचू. डाव्या कडेला उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची कायद्यातली यादी म्हणजे 'शेड्यूल एच'. तिसऱ्या-चौथ्या पिढीतली काही अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं आणि सवय लावणाऱ्या काही गोळ्या यांच्यासाठी 1 मार्च 2014 पासून 'एच-1' ही आणखी कडक यादी लागू झाली. ही औषधं विकताना दुकानदारानं डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत नोंदवायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची असते. नियम असा आहे. काउंटरवर काय चालतं ते वाचकांना मी सांगायला नको.

लाल रेघेपेक्षाही कामाची गोष्ट म्हणजे ब्रँडच्या नावाजवळ छापलेलं दुसरं, जरा अवघड नाव. ते औषधाचं मूळ नाव. ब्रँड कंपनीगणिक बदलतो, मूळ नाव बदलत नाही. एखाद्या आजोबांना गावच्या डॉक्टरांनी बीपीसाठी 'स्टॅम्लो' दिलेली असते. पुढे पुण्याला मुलाकडे असताना ते दवाखान्यात भरती होतात आणि घरी येताना कागदावर 'ॲमलाँग' लिहिलेली असते. आजोबा जुनी गोळी प्रामाणिकपणे चालू ठेवतात आणि नवीही घेऊ लागतात. दोन्ही पाकिटांवर मूळ नाव एकच आहे, ॲम्लोडिपिन. दुप्पट डोसानं उठताना चक्कर येते, घोट्याला सूज चढते. सूज दिसली म्हणून कुणीतरी लघवी वाढवणारी गोळी देतं. त्या गोळीनं पोटॅशियम उतरतं, पायांत गोळे येतात, रात्री चार वेळा उठावं लागतं, आणि त्यातल्या एका उठण्यात अंधारात पाय घसरून खुब्याचं हाड मोडतं. ॲम्लोडिपिननं पाय सुजणं हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, नेमक्या डोसातसुद्धा काहींना तो होतो. त्याला नवा आजार समजून वर आणखी एक औषध चढवलं जातं, तेव्हा ही साखळी सुरू होते. वय झालेल्या माणसाला एखादी नवी तक्रार सुरू झाली, तर पहिला प्रश्न 'यावर कुठली गोळी?' असा नसावा. 'गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कुठली गोळी नवी सुरू झाली?' असा असावा.

दुहेरी डोसाचं सर्वांत घरगुती उदाहरण पॅरासिटामॉलचं. क्रोसिन, कॅल्पोल, डोलो ही तिन्ही पॅरासिटामॉलच आहेत. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांतही ते असतं आणि गुडघेदुखी-कंबरदुखीच्या कितीतरी जोडगोळ्यांतही. धडधाकट मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम. म्हणजे 650 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या झाल्या की हिशेब जवळपास संपला. हडकुळ्या वृद्धांसाठी आणि नियमित दारू पिणाऱ्यांसाठी तो त्याच्याही आधी संपतो. जास्त झालेल्या पॅरासिटामॉलचा विषारी अंश यकृताच्या पेशी मारतो आणि पहिल्या दिवशी माणूस जवळपास ठणठणीत दिसतो, ही यातली खरी फसगत. उतारा उपलब्ध आहे. एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध पहिल्या आठ तासांत मिळालं तर फार चांगलं काम करतं. म्हणून चुकून जास्त गोळ्या गेल्याचं लक्षात आलं, तर त्रास सुरू होण्याची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

याच्या उलट प्रकार म्हणजे नावं सारखी आणि औषधं वेगळी. 'फॉल्व्हाइट' म्हणजे फॉलिक ॲसिड, गरोदरपणात सर्रास दिलं जाणारं साधं जीवनसत्त्व. 'फॉलिट्रॅक्स' म्हणजे मेथोट्रेक्सेट. हे औषध मोठ्या डोसात कर्करोगासाठी, आणि लहान डोसात संधिवात, सोरायसिस यांसाठी वापरतात. गंमत म्हणजे, आणि ही गंमत जिवावर बेतणारी आहे, ही दोन्ही औषधं एकाच रुग्णाला एकाच चिठ्ठीवर दिली जातात, कारण मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत फॉलिक ॲसिड लागतं.

संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. आता आपल्याकडच्या गोळ्या घेण्याच्या पद्धतीकडे बघा. गोळी म्हणजे रोजची. सकाळ-दुपार-रात्र, 1-0-1. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी ही कल्पनाच आपल्या अंगवळणी पडलेली नाही. त्यात ज्यांचा गुडघा फार दुखतो त्यांना वाटतं, रोज घेतली तर लवकर आराम पडेल. रोज घेतलेलं मेथोट्रेक्सेट काही दिवसांतच तोंडात छाले आणतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाडतं, आणि मग साधा ताप जीवघेणा ठरू शकतो. जगभरच्या औषध-अपघातांच्या नोंदींत ही चूक पुन्हा पुन्हा आढळते. बंदोबस्त अगदी साधा आहे. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून घ्या, 'फक्त रविवारी' असं, आणि पाकिटावरही मार्करनं तेच लिहून ठेवा. या गोळीवर असताना तोंड आलं, तर ते उष्णतेनं आलं म्हणून गुलकंद खात बसू नका. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि लघवीच्या जळजळीवर को-ट्रायमॉक्सॅझोल कुणी देऊ केलं, तर 'मी मेथोट्रेक्सेट घेते' हे आधी सांगा. दोन्ही एकत्र आली की अस्थिमज्जेवर दुहेरी मार बसतो.

आकड्यांतही असेच खड्डे आहेत. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट किंवा 100 युनिट. सुयाही तशाच दोन, 40 ची लाल टोपणाची आणि 100 ची केशरी टोपणाची. दुकानात लाल टोपणाची सुई संपली म्हणून केशरीवर भागवलं, किंवा उलट केलं, की हिशेब कोलमडतो. 40 च्या सुईवर 20 च्या रेषेपर्यंत 100 ची बाटली भरली, तर अंगात 20 नव्हे, 50 युनिट जातात. बाटलीवरचा आकडा आणि सुईवरचा आकडा जुळवून बघायला पाच सेकंद लागतात. लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचीही तीच कथा. ड्रॉप्सच्या बाटलीत एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असतं, तर सिरपमध्ये पाच मिलिलिटरला साधारण 120 किंवा 250. घरी ड्रॉप्सची बाटली आहे आणि आजीनं 'एक चमचा' दिला, तर बाळाला एकदम 500 मिलिग्रॅम गेलं. 'ड्रॉप्स गुणाला सौम्य, बाळासाठी असतात ना,' हा समज म्हणूनच घातक. ती बाटली लहान आहे ती औषध दाट आहे म्हणून. आणि चमचा म्हणजे बाटलीसोबत आलेलं खुणांचं टोपण किंवा ड्रॉपर, भाजीचा चमचा नव्हे.

गोळी बरोबर, डोस बरोबर, तरी पोटात तिच्या आधी-नंतर काय गेलं यावर पुष्कळ अवलंबून असतं. थायरॉइडची गोळी चहाच्या किमान अर्धा तास आधी निव्वळ पाण्याबरोबर घ्यायची, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत तिच्यापासून चार तासांचं अंतर ठेवायचं, हे बहुतेकांना सांगितलेलं असतं. पाळलं जात नाही, कारण चहा थांबत नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांना लेप्टोच्या भीतीनं डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि घेतल्यावर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेत चिकटून बसली तर तिथे व्रण पाडते. दुधाबरोबर किंवा अँटासिडबरोबर घेतली तर पुरेशी अंगी लागत नाही.

फळांचंही एक प्रकरण आहे. 1989 च्या सुमारास कॅनडात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या बीपीच्या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तातलं औषध अपेक्षेच्या कितीतरी पट वाढलेलं दिसलं. शोध घेता दोष दारूचा नव्हे, रसाचा निघाला. त्यातली काही द्रव्यं आतड्यातलं औषध मोडणारं एक विकर निकामी करतात आणि परिणाम एक दिवसाहून अधिक टिकतो. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसं कुणी खात नाही, तेव्हा हा इशारा इकडच्या वाचकाला परका वाटेल. पण ग्रेपफ्रूट ज्या दोन झाडांच्या संकरातून आलं त्यातलं एक म्हणजे आपलं पपनस, कोकणात गणपतीच्या दिवसांत घरोघरी येणारं. तीच द्रव्यं पपनसातही असतात. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांच्या टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिनसारख्या गोळ्यांवर याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून त्यांनी पपनस वर्ज्यच करावं. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन किंवा ॲटोर्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं. मोसंबी-संत्र्याला ही हरकत नाही.

मात्र महाराष्ट्रात पपनसापेक्षा शंभरपट महत्त्वाचा विषय उपासाचा. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या एका जातीच्या नसतात. एकटी मेटफॉर्मिन साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरवत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात, पोटात अन्न असो वा नसो. एकादशीला सकाळी सवयीनं गोळी घेतली आणि दुपारपर्यंत फक्त चहावर राहिलं, की दरदरून घाम, हातपाय थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी, आणि पुढे बरळणं. घरच्यांना वाटतं उपासाचा शीण आहे, पडू द्या जरा. साखर 70 च्या खाली असेल तर पडू द्यायचं नाही. शुद्धीत असेल तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतायचं नाही. आणि एकदा सुधारलं म्हणजे संपलं, असंही नाही. वृद्धांत, विशेषतः किडनी कमजोर असलेल्यांत, या गोळ्यांचा असर लांबतो आणि काही तासांनी साखर पुन्हा घसरते.

उपास करूच नका, असा सल्ला देणं सोपं आहे. तो कुणी ऐकत नाही आणि मग डॉक्टरांपासून उपासच लपवला जातो. त्यापेक्षा नवरात्र, चातुर्मास किंवा रमझान सुरू होण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, 'या दिवसांत कुठली गोळी कमी करू, कुठली बंद ठेवू?' याचं उत्तर त्यांच्याकडे असतं. निर्जळी उपासाचं तर आवर्जून सांगावं, कारण लघवीवाटे साखर काढणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर असताना अन्नपाणी दोन्ही तोडणं वेगळ्या तऱ्हेनं अंगाशी येऊ शकतं. वारीला पायी जाणाऱ्या मधुमेहींसाठीही हेच. रोजची एवढी चाल घडली की साखर आपोआप उतरते, जुना डोस जड होतो. आणि गोळ्या दिंडीच्या ट्रकमधल्या पिशवीत न ठेवता खांद्यावरच्या झोळीत ठेवाव्या. ट्रक मुक्कामाला पोचलेला असतो आणि माणूस घाटात असतो.

औषध सुरू करण्याइतकंच ते थांबवणंही डॉक्टरांचं काम आहे. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसानं दात काढायचाय म्हणून क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन स्वतःहून बंद केली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो. फिटची गोळी 'दोन वर्षांत एकदाही फिट आली नाही' म्हणून एका दिवसात सोडली, तर एकामागून एक फिट येऊ शकतात. प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडची गोळी काही आठवडे घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं मंदावतं. ती पायरीपायरीनंच उतरवावी लागते.

स्टिरॉइडचा आपल्याकडचा मोठा गैरवापर गोळीतून कमी आणि ट्यूबमधून जास्त होतो. जांघेत किंवा कमरेला गजकर्ण उठतं. दाखवायची लाज वाटते. मेडिकलमधून एक ट्यूब येते, तीत बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोलसारखं जालीम स्टिरॉइड एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते, कारण स्टिरॉइडनं त्वचेची प्रतिक्रियाच दाबून टाकलेली असते. बुरशी मात्र मोकळ्या रानात पसरत असते. ट्यूब बंद करताच चट्टा दुप्पट होऊन परततो, म्हणून पुन्हा ट्यूब, आणि तीच घरातल्या चौघांत फिरते. काही महिन्यांनी त्वचा पातळ होऊन तिथे पांढरट-लालसर भेगांसारखे कायमचे व्रण उमटतात. त्वचारोगतज्ज्ञ याविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडत आले, 2018 मध्ये अशी कितीतरी मलमं चिठ्ठीच्या यादीत आली, तरी गोरं होण्यासाठी हीच ट्यूब चेहऱ्याला लावणाऱ्या मुली आजही भेटतात. 'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही' असं सांगून विनालेबल पुडीतून दिली जाणारी दम्याची किंवा सांधेदुखीची पूड दोन दिवसांत चमत्कार करत असेल, तर तीतही स्टिरॉइडचाच संशय घ्यावा.

काही धोके कितीही वाचलं तरी रुग्णाला दिसत नाहीत. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं ग्लिसरॉल दिल्यानं 14 रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. तेच विष 2025 मध्ये छिंदवाड्याच्या मुलांच्या खोकल्याच्या औषधात निघालं; वीसहून अधिक मुलं गेली, त्यांतल्या कित्येकांवर उपचार नागपुरात चालले होते. अशा वेळी माग लागतो तो बॅच नंबरवरून. म्हणून औषधाचं बिल घ्यावं आणि औषध संपेपर्यंत बाटली व पाकीट टाकू नये. चारच गोळ्या घेताना दुकानदार पाकीट कापतो तेव्हा मुदतीची तारीख आणि बॅच नंबर बहुधा त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतात. आपल्याला हव्या त्या टोकाकडून कापायला सांगावं.

आणि एक कागद करावा. त्यावर प्रत्येक औषधाचं मूळ नाव, ताकद, कशासाठी, कधी, कुणी दिलं आणि कधीपासून, एवढं हवं. आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथीच्या गोळ्या, झोपेसाठी अधूनमधून घेतलेली अर्धी गोळी, हेही. वर ठळक अक्षरांत ॲलर्जी: पेनिसिलिन किंवा सल्फानं कधी अंगावर पुरळ आलं असेल तर ते. फोटो काढून मुलांच्या मोबाइलवरही ठेवावा. दवाखान्यातून सुटी मिळताना तो कागद सुटीच्या कागदाशेजारी ठेवून डॉक्टरांना किंवा नर्सला तीन गोष्टी विचाराव्यात. यातलं काय चालू ठेवायचं, काय बंद, आणि नवं कुठलं? वर्षातून एकदा फॅमिली डॉक्टरांकडे तो घेऊन जावं आणि कुठल्या गोळीची आता गरज उरली नाही ते विचारावं. हा प्रश्न त्यांना आगाऊपणाचा वाटत नाही. वाटलाच, तर डॉक्टर बदलायला हरकत नाही.

एवढं करूनही एखाद्या औषधानं विपरीत त्रास झाला, तर तो नुसता सोसू नका, कळवा. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत देशभरातल्या अशा नोंदी गोळा होतात. हा कार्यक्रम 2010 पासून चालू आहे. तक्रार करायला डॉक्टरच असावं लागत नाही, रुग्ण किंवा नातेवाईकही ती करू शकतात. त्यासाठीचा विनाशुल्क क्रमांक 1800-180-3024. फोन करताना पाकीट हाताशी ठेवा, बॅच नंबर विचारतात.